भूकंपाने तडकलेले घर आणि आगीची पॉलिसी : सॅन फ्रान्सिस्को, १९०६

१८ एप्रिल १९०६ रोजी पहाटे ५ वाजून १२ मिनिटांनी सॅन फ्रान्सिस्को शहर भूकंपाने हादरले. मुख्य हादरा जेमतेम मिनिटभर टिकला; परंतु त्यानंतर लागलेल्या आगी तीन दिवसांहून अधिक काळ पेटत राहिल्या, आणि त्या विझल्या तेव्हा शहराचा सुमारे बारा चौरस किलोमीटरचा गाभा २८ हजारांहून अधिक इमारतींसह भस्मसात झालेला होता. चार लाखांच्या आसपास लोकवस्तीपैकी सव्वादोन लाख माणसे बेघर झाली. मृतांचा त्या वेळचा सरकारी आकडा काहीशेवर थांबला होता. पुढच्या संशोधनाने तो तीन हजारांच्या पुढे नेला. मालमत्तेची हानी त्या काळच्या किमतीने सुमारे ४० कोटी डॉलर धरली जाते आणि तीत प्रत्यक्ष भूकंपाचा वाटा ८ कोटींचा, म्हणजे एक पंचमांश, मानला जातो. उरलेले सगळे आगीने नेले.

या प्रकरणाकडे विम्याच्या अंगाने पाहण्याचे कारण या विभागणीतच आहे. शहरातील घरमालकांनी आणि व्यापाऱ्यांनी आगीचा विमा मोठ्या प्रमाणावर उतरवलेला होता. भूकंपाचा विमा मात्र जवळजवळ कोणाकडेच नव्हता. ज्या घराच्या भिंती पहाटे तडकल्या आणि ज्याचे उरलेसुरले लाकूड दुपारी जळाले, त्या घराची हानी नेमकी कशाने झाली, हा एरवी कोणीही विचारला नसता असा प्रश्न त्यामुळे कोट्यवधी डॉलरचा प्रश्न होऊन बसला. विमा कंपन्यांवर आलेला बोजा सुमारे २३.५ कोटी डॉलरचा होता, म्हणजे एकूण हानीच्या निम्म्याहून अधिक. विमा कशासाठी असतो आणि तो कुठे तोकडा पडतो, या दोन्ही गोष्टी एकाच प्रसंगात इतक्या उघडपणे दाखवणारे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही.

आगीआधीचे शहर

हे शहर जळू शकते, याची कंपन्यांना कल्पना नव्हती असे म्हणण्यास जागा नाही. १८४९ ते १८५१ या काळात सॅन फ्रान्सिस्कोमध्ये सहा मोठ्या आगी लागून गेल्या होत्या. शिवाय भूकंपाच्या केवळ सहा महिने आधी, ऑक्टोबर १९०५ मध्ये, अमेरिकेतील अग्निविमा कंपन्यांच्या राष्ट्रीय मंडळाने या शहराची पाहणी करून अहवाल दिला होता. शहराने आजवर न जळून विमा व्यवसायाचे सगळे आडाखे खोटे ठरवले आहेत, हे घडले ते प्रामुख्याने अग्निशमन दलाच्या दक्षतेमुळे, आणि अटळ गोष्ट हे दल कायमची लांबवू शकेल असा भरवसा धरता येणार नाही, असा त्या अहवालाचा आशय होता. विमा कंपन्यांच्या स्वतःच्याच तज्ज्ञांनी इतके स्पष्ट लिहून ठेवले असतानाही त्याच कंपन्या त्या शहरात पॉलिसी विकत राहिल्या, ही गोष्ट वरवर पाहता अनाकलनीय वाटते.

ती समजण्यासाठी विम्याच्या मूळ हिशेबाकडे यावे लागते. समजा, हजार घरांपैकी वर्षाला सरासरी पाच घरे जळतात. कोणती पाच, हे कोणालाच सांगता येत नाही. मात्र पाचच्या आसपास जळतील, हे बऱ्यापैकी सांगता येते. प्रत्येक घरमालकाने घराच्या किमतीचा दोनशेवा भाग आणि कंपनीच्या खर्चापोटी त्याहून थोडे अधिक दिले, तर जळालेली पाचही घरे पुन्हा उभी राहतात आणि उरलेल्या ९९५ मालकांना आपले सर्वस्व जाईल या धास्तीत वर्ष काढावे लागत नाही. विम्याचा हेतू एवढाच आहे आणि तो लहान नाही. एका माणसाला न पेलणारे अनिश्चित नुकसान हजार माणसांना सहज पेलेल अशा निश्चित, छोट्या खर्चात बदलणे, आणि त्या खात्रीच्या बळावर बँकेला कर्ज देता यावे, व्यापाऱ्याला गोदाम भरता यावे, सामान्य माणसाला आयुष्यभराची कमाई घरात गुंतवता यावी, हे त्याचे काम.

पण हा हिशेब एका अटीवर उभा आहे. पाच घरे पाच ठिकाणी, पाच वेगवेगळ्या कारणांनी जळायला हवीत. एकाच कारणाने सगळी हजार घरे एकदम जळाली, तर हप्त्यांतून साठलेली रक्कम कितीही नेकीने सांभाळली असली तरी ती पुरणार नाही. म्हणून शहाणी कंपनी आपल्या पॉलिसी निरनिराळ्या शहरांत पसरवते, आपल्यावरील बोज्याचा काही भाग दुसऱ्या कंपन्यांकडे पुनर्विम्याच्या रूपाने सोपवते आणि मोठी गंगाजळी राखते. लंडनच्या लॉइड्सच्या बाजारात तर त्या काळी जोखीम घेणारे सभासद आपल्या खासगी मालमत्तेनिशी जबाबदार असत. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये विकल्या गेलेल्या पॉलिसींपैकी जवळपास निम्म्या ब्रिटिश कंपन्यांच्या होत्या, तो याच पसरवण्याचा परिणाम होता. दुसरीकडे, स्थानिक पातळीवर वाढलेल्या काही कंपन्यांचा बहुतेक धंदा त्याच एका शहरात गुंतलेला होता. दोन्ही प्रकारच्या कंपन्यांची पॉलिसी हातात घेतली तर छपाई, मजकूर आणि शिक्के जवळजवळ सारखेच दिसत. मला हा विम्याचा सर्वांत कमी चर्चिला गेलेला दोष वाटतो: ही अशी वस्तू आहे की ती खरी आहे की खोटी, हे तिची गरज पडेपर्यंत कळत नाही, आणि गरज पडल्यावर ती बदलून घेण्याची सोय नसते.

कागदावरील ओळी

न्यूयॉर्क राज्याने १८८६ मध्ये अग्निविम्याचा एक प्रमाणित मसुदा ठरवून दिला होता आणि अमेरिकेत इतरत्रही त्याच धर्तीच्या पॉलिसी चालत असत. या मसुद्यातील दोन तरतुदींनी १९०६ मध्ये सगळा वाद पेटवला.

पहिली तरतूद कोसळलेल्या इमारतीसंबंधीची होती. इमारत किंवा तिचा कोणताही भाग आगीखेरीज अन्य कारणाने पडला, तर त्या इमारतीवरील आणि आतील सामानावरील विमा त्या क्षणी संपुष्टात येतो, अशा आशयाची ती ओळ होती. तिच्यामागे लबाडीच होती असे मानण्याचे कारण नाही. उभ्या घरासाठी ठरवलेल्या हप्त्यात ढिगाऱ्याची जोखीम बसत नाही, आणि पडलेल्या घराची किंमत तशीही उरलेली नसते. त्यामुळे नंतर लागलेल्या आगीची पूर्ण भरपाई देणे म्हणजे आधीच गेलेल्या वस्तूचे पैसे देणे होते. तर्क म्हणून हे बिनचूक आहे. अडचण ‘कोणताही भाग’ या दोन शब्दांत होती. त्या पहाटे शहरातील धुराडी हजारोंनी कोसळली होती. विटांचे एक धुराडे पडले म्हणून चार खोल्यांच्या लाकडी घराचा विमा संपला, असे म्हणायचे काय? आणि तसे म्हणायचे नसेल, तर किती भाग पडल्यावर तो संपला, याची रेषा कोणी ओढायची?

त्यातून पुराव्याचा प्रश्न पुढे आला. घर आगीपूर्वी उभे होते की पडलेले, हे सांगू शकणारा एकमेव भरवशाचा साक्षीदार म्हणजे ते घर, आणि ते तर जळून गेलेले. शेजारी तंबूंच्या छावण्यांत किंवा खाडीपलीकडे ऑकलंडला पांगलेले. अशा परिस्थितीत हादरा आणि आग यांच्या मधल्या काही तासांत कोणी काढलेली छायाचित्रे अचानक मौल्यवान ठरली, कारण एका बाजूला मालक ती उभ्या भिंती दाखवण्यासाठी शोधत होते आणि दुसऱ्या बाजूला कंपन्यांची माणसे पडलेल्या भिंती दाखवण्यासाठी.

दुसरी तरतूद सरकारी हुकमासंबंधीची. नागरी अधिकाऱ्यांच्या आदेशाने झालेली हानी या पॉलिसीच्या कक्षेबाहेर ठेवलेली होती. एरवी हा अपवाद कोणाच्या लक्षातही आला नसता. परंतु भूकंपात पाण्याच्या मुख्य नळवाहिन्या फुटल्या होत्या आणि अग्निशमन दलाचे प्रमुख डेनिस सलिव्हन पहिल्याच हादऱ्यात जबर जखमी झाले होते. चार दिवसांनी त्यांचा मृत्यू झाला. पाणी नाही आणि सेनापतीही नाही, अशा स्थितीत महापौर युजीन श्मिट्झ आणि ब्रिगेडियर जनरल फ्रेडरिक फन्स्टन यांच्या अमलाखाली सैनिकांनी आगीच्या वाटेतील इमारती सुरुंगाने उडवून मोकळे पट्टे तयार करण्याचा प्रयत्न केला. डायनामाइट पुरेसे नसल्याने काही ठिकाणी बंदुकीची काळी दारू वापरली गेली आणि तिच्यामुळे नव्या आगी लागल्या. आता जे घर उडवले नसते तर दोन तासांनी जळालेच असते, त्याचे काय? शब्दशः अर्थ लावला तर शहर वाचवण्यासाठी ज्याचे घर बळी गेले, त्याच्याच हाती काही न पडण्याची वेळ यावी, असा तो अपवाद होता.

याखेरीज काही थोड्या कंपन्यांच्या पॉलिसींमध्ये भूकंपामुळे प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्षपणे होणारी सगळी हानी नाव घेऊन वगळलेली होती. त्यांच्या बाबतीत निदान शब्दांची संदिग्धता नव्हती.

मराठीतला ‘विमा’ हा शब्द फारसीतून आला असून त्याच्या मुळाशी भीती या अर्थाचा ‘बीम’ हा शब्द असल्याचे सांगितले जाते. या प्रकरणात ती व्युत्पत्ती मला फार बोलकी वाटते. घेणारा माणूस भीतीपोटी विमा उतरवतो, आणि त्याची भीती ‘माझे घर जाईल’ एवढीच असते; ते कशाने जाईल, याची त्याने प्रतवारी केलेली नसते. देणारी कंपनी मात्र ही अख्खी भीती कधीच पत्करत नाही, कारण अमर्याद जोखमीला हप्ता ठरवता येत नाही. तिने पत्करलेले असते एक ठरावीक, नाव असलेले कारण. सामान्य दिवसांत या दोन समजुतींमधली फट दिसत नाही. दोन कारणे एकाच सकाळी एकापाठोपाठ आली की ती दिसते.

तडकलेल्या घराचा हिशेब

अमेरिकी लष्कराच्या संदेशवहन दलातील एका अधिकाऱ्याने नोंदवून ठेवलेली एक हकिगत येथे महत्त्वाची आहे. त्याला एका अग्निशामकाने सांगितले की त्या भागातील लोक स्वतःच्याच घरांना आगी लावत आहेत. कारण भूकंपाने मोडलेल्या घराची भरपाई मिळणार नाही, ते जळाले तरच मिळेल, असे त्यांना कोणीतरी सांगितले आहे. शहर अशा आगींमुळे जळाले असे नव्हे. मोठ्या आगी फुटलेल्या गॅसवाहिन्या, उलटलेल्या शेगड्या आणि तडकलेली धुराडी यांतून लागल्या. त्यांपैकी एक तर हेझ व्हॅली भागात सकाळच्या न्याहारीसाठी चूल पेटवली आणि धुराडे फुटलेले होते, एवढ्या साध्या कारणाने लागून कित्येक चौक गिळत गेली. तरीही त्या अधिकाऱ्याच्या नोंदीत विम्याचा एक जुना आजार नेमका पकडला गेला आहे.

विमाशास्त्रात या आजाराला नैतिक जोखीम म्हणतात. विमा असल्यामुळे माणूस नुकसान टाळण्यात कमी तत्पर होतो, आणि क्वचित नुकसान व्हावे असेच त्याला वाटू लागते, असा त्याचा अर्थ. मला या शब्दातील ‘नैतिक’ हे विशेषण थोडे अन्यायाचे वाटते, कारण ते सगळा दोष माणसाच्या वृत्तीवर टाकते. आदल्या रात्री ज्या मालकाला आपले घर जळावे असे स्वप्नातही वाटले नसते, त्याच्यापुढे पॉलिसीच्या भाषेने सकाळी असा हिशेब मांडला की तडकलेल्या घराची किंमत शून्य आणि जळालेल्या घराची किंमत पूर्ण. हा हिशेब त्याने रचलेला नव्हता. अर्थात एवढ्याने त्याचे समर्थन होत नाही. स्वतःच्या घराला लावलेली आग कुंपणाशी थांबत नाही, आणि शेजारच्या बिनविम्याच्या माणसाला या सगळ्या हिशेबात जागाच नव्हती.

गंमत अशी की आपत्तीचे नाव काय ठेवायचे, यातही हाच हिशेब शिरला. भूकंपानंतर काही दिवसांतच शहरातील स्थावर मालमत्तेच्या व्यापाऱ्यांच्या मंडळाने ठराव करून या घटनेचा उल्लेख ‘महाभूकंप’ असा न करता ‘महाआग’ असा करावा, असे सुचवले. आग कोणत्याही शहरात लागू शकते. भूकंपाचे शहर म्हणून नाव पडले तर बाहेरचे भांडवल येणार नाही, ही त्यामागची चिंता. विम्याचा दावा करणाऱ्या मालकांच्या आणि भांडवल शोधणाऱ्या व्यापाऱ्यांच्या गरजा अशा रीतीने एका शब्दावर जुळल्या, आणि प्रत्यक्ष भूकंपाने काय मोडले, याचा हिशेब मागे पडला.

पंचाहत्तर सेंट की पूर्ण डॉलर

दाव्यांचा निपटारा सुरू झाला तेव्हा कंपन्यांत दोन तट पडले. एका तटाचे म्हणणे असे की कोणत्या घराचे किती नुकसान भूकंपाने झाले, हे एकेक करून ठरवणे अशक्य आहे. म्हणून सरसकट चतुर्थांश कापून डॉलरमागे पंचाहत्तर सेंट द्यावेत. अमेरिकी बोलीत पंचाहत्तर सेंटला ‘सिक्स बिट्स’ म्हणत, त्यामुळे या कंपन्यांना ‘सिक्स-बिट’ हे उपरोधिक नाव पडले. दुसऱ्या तटाने डॉलरला डॉलर देण्याचे जाहीर केले. लंडनमध्ये लॉइड्सचे कथबर्ट हीथ यांनी आपल्या अमेरिकेतील प्रतिनिधीला, पॉलिसीच्या अटी काहीही असोत, सगळ्या विमाधारकांना पूर्ण रक्कम द्या, अशा आशयाची तार पाठवल्याचे प्रसिद्ध आहे. त्या तारेने अमेरिकेत लॉइड्सची जी पत निर्माण केली, तिचे व्याज त्या बाजाराने पुढे कित्येक दशके खाल्ले. म्हणून हीथ यांचे औदार्य खोटे ठरत नाही, पण ते केवळ औदार्य होते असेही मला वाटत नाही. जी वस्तू विकत घेताना पारखता येत नाही, तिच्या व्यापारात दिलेला शब्द पाळल्याची बातमी हीच काय ती जाहिरात असते, हे त्यांना पुरते ठाऊक होते.

सगळ्यांना तसे वागणे परवडणारे नव्हते. शहरातच मूळ असलेल्या फायरमन्स फंड या कंपनीवर तिच्या ऐपतीबाहेरचा बोजा आला. तिने दावेदारांपुढे काही भाग रोख आणि उरलेल्यासाठी पुनर्रचित कंपनीचे शेअर, असा तोडगा ठेवला आणि ती तगली. भरपाई मागायला आलेला माणूस तिचा भागीदार होऊन परतला. काही कंपन्या बुडाल्या. जर्मनी आणि ऑस्ट्रियातील काही कंपन्यांनी भूकंपाचे कारण पुढे करून जबाबदारीच नाकारली आणि त्या देशाबाहेर असल्यामुळे त्यांच्यामागे लागणे सामान्य घरमालकाच्या आवाक्यातले नव्हते.

वसुलीची वाट कागदांतून जात होती, आणि कागदच जळाले होते. प्रमाणित पॉलिसीनुसार आग लागल्यापासून साठ दिवसांत हानीचा लेखी, शपथेवरचा तपशील सादर करावा लागे: काय काय होते, कितीचे होते, मालकी कोणाची. पॉलिसी स्वतः तिजोरीत, तिजोरी ढिगाऱ्यात, आणि तापलेली तिजोरी घाईने उघडली तर आत हवा शिरून कागद पेट घेत. त्यामुळे बँकांनी आपले तळघरातले कक्ष थंड होईपर्यंत थांबणे पसंत केले. नगराच्या जमिनीच्या नोंदीही नष्ट झालेल्या असल्याने १९०६ मध्येच कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाला मॅकएनर्नी कायदा म्हणून ओळखला जाणारा एक खास कायदा करून मालकी हक्क न्यायालयातून पुन्हा सिद्ध करण्याची सोय करावी लागली. ज्याच्याकडे वकील, हिशेबनीस आणि थांबण्याची ऐपत होती, त्याला या सगळ्यातून मार्ग होता. तंबूत राहणाऱ्या, मुलांच्या अंगावर कपडे नसलेल्या माणसापुढे कोणी आज रोख पंचाहत्तर सेंट ठेवले, तर पुढच्या वर्षीच्या पूर्ण डॉलरसाठी तो भांडत बसेल, अशी अपेक्षा करणे कठीण होते. नुकसान भरून येण्याची निकड ज्याला सर्वांत अधिक, त्याचीच तडजोड सर्वांत स्वस्तात होते. हा दोष एखाद्या कंपनीच्या वाईट हेतूचा नसून भरपाई आणि वेळ यांच्या नात्याचा आहे.

तरीही आकड्यांकडे पाहिले तर एकंदर निकाल वाईट म्हणता येत नाही. १८७१ च्या शिकागोच्या आगीनंतर डझनावारी कंपन्या बुडाल्या होत्या आणि विमाधारकांच्या हाती येणे असलेल्या रकमेच्या निम्म्याच्या आसपासच पडली होती. पस्तीस वर्षांनंतर, कितीतरी मोठ्या आणि गुंतागुंतीच्या प्रसंगात, दाव्यांचा मोठा भाग चुकता झाला. शहर किती वेगाने उभे राहिले, याची साक्ष १९१५ च्या पनामा-पॅसिफिक आंतरराष्ट्रीय प्रदर्शनाने दिली: ज्या शहराचा गाभा नऊ वर्षांपूर्वी राख झाला होता, ते जगाला पाहुणे म्हणून बोलावत होते. त्या बांधकामामागे विम्याच्या पैशाचा वाटा फार मोठा होता. विमा नसता तर तेच शहर दानधर्म आणि कर्ज यांवर किती काळ रखडले असते, याचा विचार विम्यावर टीका करताना विसरता येत नाही.

लंडनहून निघालेले सोने

मात्र हा पैसा आकाशातून पडलेला नव्हता. ब्रिटिश कंपन्यांना भरपाई देण्यासाठी सोने अमेरिकेकडे पाठवावे लागले, आणि चलन सोन्याशी बांधलेले असण्याच्या, म्हणजे सुवर्णमानकाच्या, त्या काळात सोने बाहेर जाणे म्हणजे पतपैशाचा पायाच हलणे होते. बँक ऑफ इंग्लंडने सप्टेंबर-ऑक्टोबर १९०६ मध्ये आपला व्याजदर साडेतीन टक्क्यांवरून सहा टक्क्यांपर्यंत चढवला आणि अमेरिकी हुंड्यांवर लंडनमध्ये पैसे उभे करणे अवघड करून टाकले. सोन्याचा ओघ उलटला, न्यूयॉर्कमध्ये पैशाची तंगी झाली, आणि ऑक्टोबर १९०७ मध्ये तांब्याच्या शेअरवरील सट्टा फसल्याचे निमित्त होऊन तेथील निकरबॉकर ट्रस्ट कंपनी या बँकेसारख्या संस्थेवर ठेवीदारांची झुंबड उडाली. १९०७ चे हे आर्थिक अरिष्ट केवळ सॅन फ्रान्सिस्कोमुळे आले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण भूकंपाच्या दाव्यांनी बाजार आधीच ताणलेला होता, असे काही अर्थ-इतिहासकारांनी साधार मांडले आहे. त्याच अरिष्टाच्या अनुभवातून पुढे १९१३ मध्ये अमेरिकेत फेडरल रिझर्व्ह या मध्यवर्ती बँकेची स्थापना झाली.

विमा नुकसान नाहीसे करतो, असा आपल्या बोलण्यात एक सूर असतो. जळालेले लाकूड परत येत नाही; विमा फक्त त्या लाकडाची किंमत कोणी सोसायची, हे बदलतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या घरांची किंमत अंशतः लंडनच्या भागधारकांनी आणि काही प्रमाणात न्यूयॉर्कच्या अशा ठेवीदारांनी सोसली, ज्यांनी ना विमा विकला होता ना घेतला होता.

त्यानंतर

कंपन्यांनी या प्रसंगातून धडे घेतले, पण ते धडे विमाधारकाच्या सोयीचेच होते असे नाही. हीथ यांनी पुनर्विम्याचा एक नवा प्रकार रूढ केला. त्यात एका आपत्तीतील नुकसान ठरावीक मर्यादेपर्यंत मूळ कंपनी सोसते आणि त्यावरचे पुनर्विमा करणारा उचलतो. मोठ्या आपत्तींच्या विम्याचा डोलारा आजही बऱ्याच अंशी याच रचनेवर उभा आहे. शहराने पाण्याचे उंचावरील साठे आणि अग्निशमनासाठीच स्वतंत्र, उच्च दाबाच्या नळवाहिन्यांचे जाळे उभारले. इमारती हादऱ्याला टिकतील अशा बांधण्याच्या बाबतीत मात्र तेवढी निकड दिसली नाही; कॅलिफोर्नियात भूकंपरोधक बांधकामाचे राज्यव्यापी कायदे झाले ते १९३३ च्या लाँग बीच भूकंपानंतर. ‘महाआग’ या नावाची ही किंमत होती, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

१९८५ पासून कॅलिफोर्नियात घराचा विमा विकणाऱ्या कंपनीने भूकंपाचे संरक्षणही देऊ करणे बंधनकारक झाले. १७ जानेवारी १९९४ च्या नॉर्थरिज भूकंपाने त्या व्यवस्थेची परीक्षा पाहिली. एका सकाळच्या हादऱ्यापोटी कंपन्यांना बारा अब्ज डॉलरहून अधिक रक्कम द्यावी लागली. त्याआधीच्या पंचवीस वर्षांत भूकंप विम्याचे जमा झालेले एकूण हप्ते साडेतीन अब्जांच्याही आत होते. कंपन्यांनी त्यावर जे केले ते त्यांच्या दृष्टीने तर्कशुद्ध होते: भूकंपाचे संरक्षण द्यावे लागते म्हणून त्यांनी घराचा साधा विमा विकणेच आवरते घेतले. १९९६ मध्ये राज्याला कॅलिफोर्निया भूकंप प्राधिकरण उभारावे लागले. त्याच्या सुरुवातीच्या पॉलिसींत घराच्या विमा रकमेच्या पंधरा टक्क्यांपर्यंतचे नुकसान मालकाने स्वतःच सोसायचे होते, आणि एवढ्या मोठ्या कपातीनंतर उरणाऱ्या संरक्षणासाठी हप्ता भरणे अनेकांना परवडेना किंवा पटेना. आजही त्या राज्यातील दहा घरमालकांपैकी जेमतेम एक-दोघांकडेच भूकंपाचा विमा आहे. प्राधिकरणाचा निधी एखाद्या महाभूकंपात अपुरा पडला, तर दावेदारांना रक्कम प्रमाणात कापून किंवा हप्त्याहप्त्याने देण्याची मुभा कायद्यानेच दिलेली आहे. १९०६ मध्ये ज्या पंचाहत्तर सेंटांवरून कंपन्यांची नाचक्की झाली, तशा कपातीची शक्यता आता करारातच आधी नोंदलेली असते. हे मला जुन्या पद्धतीपेक्षा प्रामाणिक वाटते, जरी दावेदाराच्या हाती त्यामुळे एक सेंटही अधिक पडणार नसला.

भूकंपानंतर लागलेल्या आगीचे नुकसान मात्र कॅलिफोर्नियाच्या कायद्यानुसार घराच्या साध्या अग्निविम्यातून वगळता येत नाही. त्यामुळे भूकंपाची वेगळी पॉलिसी नसलेल्या बहुसंख्य मालकांची स्थिती आजही अशी आहे की हादऱ्याने तडकलेल्या भिंतीसाठी त्यांना काही मिळणार नाही, आणि तीच भिंत त्याच दिवशी जळाली तर दावा करता येईल.